गाडी दम टाकतेय की गिअर बदलतेय?

प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडात डर्बीजवळ राहणाऱ्या एका वाचकाने ओओ स्केलमधली मॉडेल रेल्वेगाडी ऑनलाइन मागवली: क्लास १०८, दोन डब्यांची जुनी ब्रिटिश डिझेल गाडी. कारखान्यातूनच आवाज बसवलेली, त्यामुळे बिनआवाजाच्या मॉडेलपेक्षा शंभरेक पौंड महाग. घरात २.४ मीटर लांबीच्या फळीवर मांडलेला लेआउट आहे आणि नॉब फिरवून रुळांतला व्होल्टेज कमी-जास्त करणारा जुना साधा डीसी कंट्रोलर आहे. त्यांच्या तक्रारी पाच. गाडी वेग घेत असताना इंजिनाचा आवाज मधेच पडतो, ‘दम टाकल्यासारखा’. आवाज एकाच डब्यातून येतो. पॉइंटवरून, म्हणजे रूळ फुटतात त्या जागेवरून, जाताना आवाज तुटतो आणि इंजिन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो. आणि नॉब जवळजवळ अर्धा फिरवेपर्यंत गाडी जागची हलत नाही. बाळ लहान असल्याने घरातही या आवाजावरून कुरबुर आहे. पार्सल येऊन नऊ दिवस झाले. ते विचारतात: परत करून बिनआवाजाची घेऊ, बदलून मागू, की स्वतःच उघडून मोठा स्पीकर आणि दुसऱ्या डब्यात दुसरा डीकोडर (मोटर आणि आवाज चालवणारी चिप) बसवू?

उत्तर:

तुमच्या पत्रात ‘बिघाड’ हा शब्द सहा वेळा आला आहे. पाच तक्रारींपैकी दोन बिघाड तर नाहीतच, उलट त्यासाठीच तुम्ही जादा पैसे मोजले आहेत. एक कंट्रोलरची आहे, एक रुळांची. उरलेल्या एकीत थोडं तथ्य आहे, आणि तिथेही पदार्थविज्ञान तुमच्या विरोधात आहे. तेव्हा स्क्रूड्रायव्हर आधी खाली ठेवा. त्याचं कायदेशीर कारण शेवटी सांगतो.

पहिली तक्रार, कारण सगळा गोंधळ तिच्यातूनच सुरू झाला आहे. क्लास १०८ गाड्या १९५८ ते १९६१ या काळात डर्बीच्याच कारखान्यात बांधल्या गेल्या. मोटरडब्याच्या पोटाखाली १५० अश्वशक्तीची दोन लेलँड इंजिनं, म्हणजे त्या काळच्या बसच्या घराण्यातलीच. अशोक लेलँडमुळे ते नाव आपल्याला परकं नाही. इंजिनापुढे तेलातून जोर पोचवणारं फ्लुइड फ्लायव्हील, त्याच्यापुढे चार गिअरचा एपिसायक्लिक गिअरबॉक्स, आणि तिथून शाफ्टने चाकांपर्यंत. गिअर ड्रायव्हर हाताने बदलायचा. आता एसटीचा ड्रायव्हर घाटाच्या पायथ्याशी काय करतो ते आठवा. अॅक्सिलरेटरवरून पाय उचलतो, इंजिन खाली बसतं, गिअर पडतो, मग पुन्हा पाय. इथेही तेच: थ्रॉटल बंद, इंजिन आयडलकडे घसरतं, गिअरचा दांडा पुढच्या खाचेत, क्षणभर थांबून पुन्हा थ्रॉटल. साधारण ताशी १५, २७ आणि ४१ मैलांना हे व्हायचं. कमाल वेग ७० मैल. म्हणजे थांब्यापासून पूर्ण वेगापर्यंत आवाज तीनदा पडणारच. न पडता तर मॉडेल परत करा असं मीच सांगितलं असतं.

तुम्हाला तो बिघाड वाटला याचं कारण बहुधा तुमचे कान नंतरच्या गाड्यांना सरावलेले आहेत. डर्बी स्टेशनात दिसणाऱ्या क्लास १५८ मध्ये फॉइथचं हायड्रॉलिक ट्रान्समिशन आहे. तिथे ड्रायव्हरला गिअर टाकावे लागत नाहीत. इंटरसिटी १२५ या वेगवान गाडीत तर डिझेल इंजिन जनित्र फिरवतं आणि चाकांना विजेच्या मोटरी. तिथे आधी इंजिन गर्जतं आणि गाडी मागाहून सावकाश हलते. ज्यांच्याकडे १२५ चं मॉडेल आहे त्यांनी गिअरचे तीन खड्डे शोधू नयेत, आणि ज्यांच्याकडे क्लास १०१, १०८ किंवा ११७ आहे त्यांनी ते न शोधता ऐकावेत.

तरीही खात्री करायची तर एक सोपी कसोटी आहे. खोलीतला दिवा मालवा आणि गाडीचे दिवे चालू ठेवून चालवा. आवाज पडताना दिवे स्थिर राहिले आणि गाडीला झटका बसला नाही, तर तो गिअर. दिवेही लुकलुकले, किंवा आवाज आयडलला न जाता पुरता तुटून स्टार्टरपासून सुरू झाला, तर डीकोडरचा वीजपुरवठा खंडित झाला. पहिली तक्रार आणि तिसरी यांतला फरक एवढाच आहे, आणि तो डोळ्यांना दिसतो.

आता आवाज एकाच डब्यातून येतो त्याविषयी. खोक्यावर किंवा सूचनापत्रात डब्यांचे प्रकार बघा. एकावर डीएमबीएस आणि दुसऱ्यावर डीटीसीएल असेल, तर एम म्हणजे मोटर आणि टी म्हणजे ट्रेलर. ट्रेलर डब्याखाली इंजिनच नव्हतं. त्याला ड्रायव्हरची केबिन होती, म्हणून तो पुढे धावताना दिसायचा, पण ओढणारा किंवा ढकलणारा मोटरडबाच. गाडी फलाटावर उभी असताना एका टोकाला घरघर आणि दुसऱ्या टोकाला जवळजवळ शांतता, हेच खरं चित्र. दुसऱ्या डब्यात दुसरा डीकोडर बसवून तुम्ही पैसे घालून चूक विकत घ्याल. दोन्ही डबे मोटरचे असलेल्या जोड्याही होत्या. तुमची तशी असेल तर दुसऱ्या आवाजाचा विचार जरूर करा, पण नंतर.

नॉब अर्धा फिरेपर्यंत गाडी का हलत नाही? डीकोडर हा छोटा संगणकच आहे. त्याला स्वतःला जागं व्हायला आणि आवाज सुरू करायला पाचेक व्होल्ट लागतात, आणि साध्या डीसीवर ते व्होल्ट रुळांतूनच येणार. म्हणून आधी इंजिन सुरू झाल्याचा आवाज, मग बराच वेळ काही नाही, मग एकदम हालचाल. मंद वेगाची सगळी नजाकत नॉबच्या पहिल्या अर्ध्यात वाया जाते. ईएसयू कंपनीचा डीकोडर असेल तर सीव्ही १२५ ने (सीव्ही म्हणजे डीकोडरमधली क्रमांक दिलेली सेटिंग) डीसीवरचा सुरुवातीचा व्होल्टेज थोडा खाली आणता येतो, पण सीव्ही बदलायला डीसीसी, म्हणजे रुळांतून डीकोडरला डिजिटल आज्ञा देणारं, यंत्र लागतंच. शिवाय डीसीवर हॉर्न, गार्डची घंटा, दारं यांपैकी काहीही तुमच्या हातात येत नाही. एक इशाराही: फीडबॅक प्रकारचे जुने कंट्रोलर आणि रूळ साफ करायला उच्च वारंवारतेचा प्रवाह सोडणारी यंत्रं डीकोडर असलेल्या गाडीला जोडू नका. डीकोडर जळू शकतो.

म्हणजे तुमचा खरा प्रश्न ‘ही गाडी ठेवू की नको’ हा नाही. ‘मी डीसीसीकडे जाणार आहे का’ हा आहे. जाणार नसाल तर बिनआवाजाची गाडी घ्या, हे मी अगदी मनापासून सांगतो. डीसीवर आवाजाची गाडी म्हणजे तबल्याची जोडी आणून एका बोटाने वाजवणं. जाणार असाल तर ही गाडी ठेवा आणि स्पीकरवर घालायचे पैसे कंट्रोलरवर घाला. घेताना दोन गोष्टी पाहा: फंक्शन, म्हणजे दिवे-हॉर्न वगैरेंची बटणं, निदान एफ० ते एफ२८ पर्यंत चालतात का, आणि सीव्ही नुसते लिहिता येतात की वाचताही येतात. अगदी स्वस्त यंत्रं दोन्हींत हात आखडता घेतात, आणि आवाजाच्या गाडीचे निम्मे आवाज मग कायमचे कुलूपबंद.

गाडी परत करायची तर सूचना द्यायला तुमच्याकडे पाच दिवस आहेत. ब्रिटनमधल्या बहुतेक मॉडेल रेल्वे क्लबांत आणि बऱ्याच दुकानांत डीसीसीचा चाचणी रूळ असतो. गाडी तिथे न्या. आधी सीव्ही ८ वाचायला सांगा. १५१ आला तर डीकोडर ईएसयूचा, १४५ आला तर झिमो या दुसऱ्या कंपनीचा. पुढच्या सगळ्या सूचना यावर अवलंबून आहेत. दुसऱ्या कुणाच्या गाडीचे सीव्ही आंधळेपणाने उतरवून घेतले की काय होतं ते तुम्हाला पाहायचं नाही. काही बिनसलंच तर सीव्ही ८ मध्ये ८ लिहिल्यावर दोन्ही कंपन्यांचे डीकोडर मूळ स्थितीला येतात.

तिथे आवाज ठीक आला तर पॉइंटचं दुखणं घरचं आहे. साध्या मॉडेलमध्ये मोटर आणि जडपणा मिळून क्षणभराचा खंड पचवतात. आवाज पचवत नाही, तो लगेच चुगली करतो. तुमच्या पॉइंटचा फ्रॉग, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा, प्लास्टिकचा असेल, तर तेवढ्या तुकड्यावर त्या चाकाला वीज मिळत नाही. धातूचा असेल आणि त्याला स्विचमार्फत वीज दिलेली नसेल, तर तोच प्रकार. म्हणून क्रमाने जा. रूळ आणि चाकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कागदी टॉवेलची पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवून रुळांवर आडवी धरा, डब्याच्या एका टोकाच्या चाकगाडीची चाकं तिच्यावर फिरवा, काळी रेघ उमटायची थांबेपर्यंत. सँडपेपर वापरू नका. त्याचे ओरखडे पुढच्या मळाला घर करून देतात. मग दोन चाकांच्या आतल्या कडांमधलं अंतर मोजा, ओओमध्ये ते साधारण १४.५ मिलिमीटर हवं. कमी असेल तर चाक फ्रॉगजवळ चढतं आणि संपर्क सुटतो. त्यानंतर दोन डब्यांमधलं कपलिंग. तुमच्या मॉडेलमध्ये ते वीजवाहक असेल तर दोन्ही डब्यांची चाकं मिळून वीज उचलतात, आणि ४७ सेंटीमीटर लांबीत एखादा मेलेला तुकडा सहज लपून जातो. पण ते अर्धवट बसलं असेल तर गाडी चालते, दिवे लागतात आणि प्रत्येक पॉइंटवर आवाज तुटतो. ते ‘टक’ होईपर्यंत दाबा. माझ्या मते तिसऱ्या तक्रारीचं उत्तर इथेच सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

एवढ्यानेही भागलं नाही तर स्टे-अलाइव्ह, म्हणजे खंडाच्या वेळी डीकोडरला तगवणारा कपॅसिटर. पण तो डीकोडरला अनुरूपच हवा. ईएसयूचा पॉवरपॅक तीन तारांचा असतो, उगाच दोन तारांवर कुठलाही कपॅसिटर लावून चालत नाही. तो बसवल्यावर प्रोग्रॅमिंगच्या, म्हणजे सीव्ही वाचायच्या-लिहायच्या वेगळ्या, रुळावर सीव्ही वाचणं अनेकदा फसतं. तेव्हा मुख्य रुळावरच लिहिण्याची पद्धत वापरा. आणि हे सगळं डीसीसीवर. साध्या डीसीवर त्याचा फारसा उपयोग नाही.

राहिला पत्र्याचा आवाज. जरा हिशोब करू. सहा सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन एका फेऱ्यात तीनदा पेटतं. आयडलला मिनिटाला ४०० फेरे धरले तर सेकंदाला २० स्फोट, म्हणजे २० हर्ट्झ. पूर्ण १८०० फेऱ्यांना ९० हर्ट्झ. आणि तुमच्या गाडीतला साखरेच्या खड्याएवढा ११ बाय १५ मिलिमीटरचा स्पीकर काही शे हर्ट्झच्या खाली काही म्हणतच नाही. इंजिनाचा मूळ खर्ज त्याच्या आवाक्यात कधी नव्हताच. आपण ऐकतो ती वरची स्वरपंक्ती, आणि खालचा स्वर आपला कान मनाने भरून काढतो. म्हणून व्हॉल्यूम वाढवल्याने खर्ज येत नाही. कर्कशपणा वाढतो, आणि एका मर्यादेपुढे आवाज फाटतो.

इथे बहुतेकांचं उलटं चुकतं. ओओ म्हणजे १:७६. फळीपासून एक मीटरवर उभं राहून तुम्ही खऱ्या गाडीकडे ७६ मीटरांवरून पाहत आहात. तेवढ्या अंतरावरून ही गाडी कानठळ्या बसवत नसे. ईएसयूच्या सध्याच्या लोकसाउंड डीकोडरमध्ये एकूण व्हॉल्यूम सीव्ही ६३ मध्ये असतो, कमाल १९२. कारखान्यातून तो वरच्या टोकाला ठेवलेला असतो. ९० ते १०० वर आणा. झिमोत सीव्ही २६६, साधारण ६५ म्हणजे पूर्ण. ३० ते ३५ करून बघा. फाटणं जातं, गिअरची घसरण स्पष्ट ऐकू येते, आणि घरातली कुरबुर निम्मी होते. बाळ झोपलं की आवाज बंद करून गाडी तशीच चालवता येते. अनेक प्रोजेक्टांत, म्हणजे डीकोडरमधल्या आवाजाच्या संचांत, त्यासाठी, किंवा आवाज हळूहळू मंद करायला, एक बटण दिलेलं असतं. फळीखाली पोकळ चौकट असेल तर प्लायवूड स्वतःच डफासारखा वाजतो. रुळांखाली कॉर्क घातल्याने तोही बसतो.

एकच तपासणी बिघाडाची. व्हॉल्यूम निम्मा करा, गाडी उभी ठेवा, हॉर्न वाजवा. तरीही खरखर आली तर स्पीकरची खोळ सैल आहे, पडद्याला तार घासते आहे किंवा स्पीकरच फाटला आहे. मग न उघडता परत पाठवा. पूर्ण व्हॉल्यूमलाच खरखर असेल तर तो दोष नाही.

पुढे कधी स्पीकर बदलायचाच झाला तर मोठ्यापेक्षा बंदिस्त महत्त्वाचा. पडद्याच्या पुढची आणि मागची लहर एकमेकींना भेटली की त्या एकमेकींना खातात, आणि सगळ्यात आधी खालचे स्वर जातात. खोळीला टाचणीएवढं भोक राहिलं तरी फरक कळतो. तार जिथून बाहेर येते तिथे काळ्या पुट्टीने बुजवा. रोधकता डीकोडरच्या पुस्तिकेप्रमाणे, बहुधा ८ ओहम. जागेची अडचण अशी की या गाड्यांच्या खिडक्या मोठ्या. ड्रायव्हरच्या पाठीमागे बसून प्रवाशाला समोरचा मार्ग दिसायचा, हेच त्यांचं आकर्षण होतं. तिथे काळा ठोकळा उठून दिसतो. मोटरडब्यातला गार्डचा आणि सामानाचा कप्पा हीच खरी जागा.

आणि आता ती गोष्ट जी तुम्ही विचारलीच नाही. तुमची फळी २.४ मीटरची, गाडी हातभरापेक्षा किंचित जास्त. धावायला उरतात जेमतेम १.९ मीटर. निम्म्यात वेग घ्यायचा आणि निम्म्यात थांबायचं, तर ताशी २७ मैलांच्या तुल्य वेगापर्यंत पोहोचायला तुमच्याकडे १२ सेकंद आहेत. खऱ्या गाडीला याहून पुष्कळ जास्त वेळ लागायचा, आणि ध्वनिमुद्रण तिच्याच चालीचं असतं. म्हणून तुम्ही नॉब पुढे ढकलून गाडीला पळवता, आवाज तीन गिअर एकमेकांवर कोंबतो, आणि ऐकणाऱ्याला दमेकऱ्याचा भास होतो.

इलाज वेगाचा आहे. रुळावर एक मीटरच्या दोन खुणा करा आणि मोबाइलवर वेळ मोजा. ताशी ७० मैल म्हणजे तो मीटर २.४ सेकंदांत. ४१ मैल ४.२ सेकंदांत, २७ मैल ६.३ सेकंदांत, १५ मैल ११.४ सेकंदांत. एवढ्या फळीवर पूर्ण वेगाची चाचणी जमणार नाही, ती क्लबच्या लांब रुळावर करा. गाडी याहून जोरात पळत असेल, आणि बहुतेक पळतात, तर सीव्ही ५ कमी करत २.४ सेकंदांवर आणा. बहुतेक प्रोजेक्टांत गिअर वेगाच्या पायरीला बांधलेले असतात, त्यामुळे कमाल वेग बरोबर बसला की गिअरही आपापल्या जागी येतात. मग सीव्ही ३ आणि ४, म्हणजे वेग घेण्याचा आणि थांबण्याचा संथपणा. हे आकडे डीकोडरगणिक वेगळा अर्थ घेतात, तेव्हा आहेत त्यांच्या निम्म्यावर आणून घड्याळ लावा. गाडी सुरुवातीला अडखळत असेल आणि डीकोडर लोकसाउंड असेल, तर सीव्ही ५४ मध्ये ० लिहून एफ१ दाबा. गाडी दीडेक सेकंद भरधाव जाऊन मोटरची नाडी स्वतः तपासते. हेही क्लबातच करा, घरच्या फळीवर ती पुढच्या भिंतीला टेकेल.

तुमच्या फळीवर तिसरा गिअर विसराच. दुसऱ्यापर्यंत जा आणि थ्रॉटल बंद करून घरंगळत या. या गाड्यांच्या शाफ्टमध्ये फ्रीव्हील असायचं, सायकलसारखं. थ्रॉटल सोडला की इंजिन आयडलला आणि चाकं आपली फिरत राहायची. प्रोजेक्टात कोस्टिंगचं बटण असेल तर ते याचसाठी आहे. निघण्याचा क्रमही पाळून बघा: एक इंजिन सुरू, मग दुसरं, दारांचे धाडधाड आवाज, गार्डची दोन ठोक्यांची घंटा, ड्रायव्हरचे उत्तरादाखल दोन ठोके, पहिला गिअर, आणि मग नॉब. एक ठोका म्हणजे थांबा, तीन म्हणजे मागे घ्या. बटणं घाईने एकावर एक दाबली की त्याचं खेळणं होतं.

डर्बीहून एक्लस्बोर्न व्हॅली रेल्वे जवळ आहे, डफील्ड ते वर्क्सवर्थ. तिथे याच पिढीच्या डिझेल गाड्या धावतात. अशा वारसा-मार्गांवर वेगमर्यादा साधारणपणे ताशी २५ मैलांची, म्हणजे तिथली गाडीही तुमच्या फळीसारखीच खालच्या दोन गिअरांत वावरणार. मोटरडब्यात, इंजिनाच्या वर येईल अशा सीटवर बसा आणि डोळे मिटा.

आता कायद्याचं. ऑनलाइन खरेदी असल्याने पार्सल मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून १४ दिवसांत कारण न देता परतीची सूचना देता येते. सूचना दिल्यावर वस्तू पाठवायला आणखी १४ दिवस मिळतात. मात्र दुकानात हाताळून पाहिलं असतं त्यापेक्षा जास्त हाताळणी झाली, तर विक्रेता किंमत कापू शकतो. बॉडी उघडणं, तारा झाळणं त्यातच येतं. वस्तू खरोखर सदोष निघाली तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने ती नाकारायला ३० दिवस असतात. म्हणून स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा म्हटलं. हॉर्नची चाचणी आणि क्लबची फेरी या शनिवारी उरका, तेराव्या दिवशी रात्री ठरवा. सूचना द्यायची तर ईमेलने, तारखेसह. आणि ठेवायची ठरली तरी खोका, फोम आणि चाकांखालचे प्लास्टिकचे तुकडे तीस दिवस उलटेपर्यंत टाकून देऊ नका.